यकृताशिवायचं ‘यकृत-एन्झाइम’

प्रश्न

प्रयोगशाळेत वापरायच्या एका द्रव्याच्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय. कुपीवर नाव आहे ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन लिव्हर एन्झाइम’. आत सायटोक्रोम पी-४५० या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांच्या घराण्यातलं ३ए४ आहे. मी सरळ ‘पुनर्संयोजित मानवी यकृत विकर’ लिहून दिलं. पहिल्या वाचकाने विचारलं, “हे यकृत कुणाचं?” मग मुद्रितं तपासून आली, त्यांत ‘मानवी यकृत विकार’ झालं होतं. एका कान्याने एन्झाइमचा आजार करून टाकला! चारही शब्द कोशात आहेत, तरी एकत्र आले की भलतंच बोलतात. नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद

वाचकाचा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर ‘कुणाचंच नाही’ असं आहे. माझं रोजचं काम याच कुप्यांशी असतं म्हणून जरा सविस्तर सांगते.

या एन्झाइमच्या मानवी जनुकाची नक्कल प्लाझ्मिडवर (डीएनएच्या छोट्या कड्यावर) चढवून ई. कोलाय जिवाणूत घालतात, नाहीतर बॅक्युलोव्हायरस या कीटकांच्या विषाणूच्या वाटेने कीटकांच्या पेशींत पोचवतात. प्रथिन तयार करतात त्या पेशी. माणसाचं यकृत या सगळ्या खटाटोपात कुठेच येत नाही. ‘मानवी’ हे फक्त अमिनो आम्लांच्या क्रमाचं विशेषण आहे.

खरी पंचाईत पुढे आहे. त्याच उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये शेजारी ‘ह्यूमन लिव्हर मायक्रोसोम्स’ची कुपी असते, आणि ती मात्र खरोखर माणसांच्या यकृतातून आलेली असते. दात्यांच्या यकृताचे तुकडे बारीक वाटून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की पेशींतल्या पटलांच्या सूक्ष्म पिशव्या तळाशी बसतात, तेच मायक्रोसोम. त्यात यकृताची पुष्कळ एन्झाइमं एकत्र नांदतात. रिकॉम्बिनंट कुपीत त्यांतलं एकच वेगळं काढलेलं असतं (सोबत त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारं रिडक्टेज लागतं, ते सोडा). एखाद्या औषधाला नेमकं कोणतं एन्झाइम मोडतं हे शोधायचं तर ही रिकॉम्बिनंट कुपी हवी. दोन्हींना ‘मानवी यकृत’ अमुकतमुक म्हटलंत, तर वाचणाऱ्याला फरक कळणार कसा?

प्रतिसाद

आधी शुद्धलेखन. ‘पुनर्संयोजित’ हा संधी बसत नाही. पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन असेल तर र् येतो: पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्विचार. पुढे स असेल तर विसर्ग: पुनःसंयोजित. ‘पुनर्स्थापना’ सगळीकडे छापतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. (हो, ही लढाई मी हरलेलोच आहे.)

आता अर्थ. पुन्हा जोडलं काय? एन्झाइम नव्हे, डीएनए. १९७२ मध्ये पॉल बर्ग यांच्या प्रयोगशाळेत दोन वेगळ्या विषाणूंचे डीएनए एकमेकांना जोडले गेले. पुढच्याच वर्षी कोहेन आणि बॉयर यांनी असे जोड-डीएनए जिवाणूंत वाढवून दाखवले. ‘रिकॉम्बिनंट’ हे विशेषण त्या डीएनएचं. त्यावरून तयार झालेल्या प्रथिनाला ते इंग्रजीत नुसतं चिकटवलं, आणि तिथे ते खपून गेलं. मराठीत ‘पुनःसंयोजित विकर’ म्हटलं की कुणीतरी विकर मोडून पुन्हा सांधलंय असं वाटतं. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय आहेत, ते वापरा की! ‘जनुकापासून घडवलेलं’ म्हणायला काय हरकत आहे?

प्रतिसाद

‘विकर’ शाळेच्या पुस्तकात ठीक आहे, तिथे शेजारी आकृती असते. पण ‘यकृत’ या शब्दाला लागून आला की तपासनिसाची काय चूक? डोळ्यांना ‘यकृत विकार’चीच सवय. एन्झाइमसाठीचा जुना शब्द ‘वितंचक’ निदान कशात मिसळत नाही. संस्कृतात ‘तञ्च्’ म्हणजे साकळणं, त्या धातूवर बेतलेला दिसतो. पण आज तो कोण वाचणार? मूळ ‘एन्झाइम’ तरी कुठे मोठा शास्त्रीय होता! ग्रीकमध्ये ‘झाइम’ म्हणजे आंबवण. १८७० च्या दशकात क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने त्यावरून शब्द पाडला. माझं मत: ‘एन्झाइम’च ठेवा. मराठीत ते सुखाने चालतं, अनेकवचनही होतं.

प्रतिसाद

यकृताऐवजी काळीज का नको? मुळात काळीज म्हणजे यकृतच, संस्कृत ‘कालेय’वरून आलेलं. पुढे ते धडधडायला लागलं आणि हृदयाकडे गेलं.

प्रतिसाद

‘काळजाचं एन्झाइम’! नको हो.

पण ‘लिव्हर एन्झाइम’मध्येही खोच आहे. रक्ततपासणीनंतर “लिव्हर एन्झाइम्स वाढलेत” म्हणतात ते बहुधा एसजीपीटी आणि एसजीओटी. यकृताच्या पेशींना इजा झाली की ती रक्तात पाझरतात. ३ए४ अशा तपासणीत मोजत नाहीत. शिवाय ते आतड्याच्या अस्तरातही भरपूर असतं, तेव्हा ‘यकृताचं’ हे आडनाव अर्धंच खरं. आणि ‘यकृतज’ असं काही संस्कृत रूप सुचत असेल तर आवरा. यकृतात न जन्मलेल्याला यकृतज कसं म्हणणार?

मूळ प्रश्नकर्ता

एक कबुली देऊन टाकतो. ‘पी-४५०’चं मी ‘प्रथिन-४५०’ केलं होतं.

प्रतिसाद

पी म्हणजे पिगमेंट, रंगद्रव्य. कार्बन मोनॉक्साइड जोडला की ते ४५० नॅनोमीटरचा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं. ओमुरा आणि सातो यांनी १९६२ मध्ये हे नाव छापलं ते त्यावरूनच. नुसतं ‘पी-४५०’ ठेवा. आणि सीवायपी (सायटोक्रोम पी-४५०चं लघुरूप) ही अक्षरं सुटी वाचू नका, प्रयोगशाळेत सगळे ‘सिप’ म्हणतात: सिप ३ए४. ३ म्हणजे कूळ, ए म्हणजे उपकूळ, ४ हा त्यातला क्रमांक.

मूळ प्रश्नकर्ता

तर मग कुपीवर ‘रिकॉम्बिनंट सिप ३ए४’, तिथे जागाच तेवढी आहे. आणि पत्रकात: ‘मानवी जनुकापासून जिवाणूंत घडवलेलं सिप ३ए४ एन्झाइम. माणसाच्या यकृतातून काढलेलं नाही. केवळ संशोधनासाठी; निदानासाठी किंवा उपचारासाठी नाही.’ आमच्या कुपीतलं जिवाणूंतलंच आहे, खात्री करून घेतली. एकच शंका: ‘घडवलेलं’ की ‘बनवलेलं’?

प्रतिसाद

घडवलेलं. ‘बनवलेलं’ म्हटलं की पाठोपाठ ‘बनावट’ आलंच.