मदत हवी आहे: घरचे वहिनीला गमतीत बोलतात, मी मधे कसं पडू?

नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आमच्या घरात भांडणतंटा नाही. आई तर वहिनीचं येता-जाता कौतुक करते. माझा प्रश्न त्या कौतुकाबद्दलच आहे.

वहिनी दुसऱ्या भाषेच्या घरातली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मराठी आता अस्खलित बोलते. तरी पाहुणे आले की आईचं सुरू होतं, "बघा, आपल्यातलीच वाटते की नाही? सांगितल्याशिवाय कळायचंसुद्धा नाही!" आत्याचं ठरलेलं वाक्य, "तुमच्या लोकांत एवढी शांत मुलगी म्हणजे नवलच हं." वहिनीचा एखादा 'ळ' घसरला की बाबा तेच वाक्य तिच्या हेलात म्हणून दाखवतात. सगळे हसतात, तीही हसते. तिचं नाव अजिबात अवघड नाही, पण आमच्याकडे त्याचा अर्धा तुकडाच चालतो. तिला कोणी विचारलं नव्हतं.

एकेक वाक्य सुटं घेतलं तर त्यात काहीच नाही. कोणाला दाखवायला जावं तर मीच उगाच कीस काढतेय असं वाटतं.

फोनचं मात्र फार खटकतं. वहिनी तिच्या आईशी तिच्या भाषेत बोलते. तिने फोन ठेवला की आई हसत विचारते, "काय गं, आमच्या कागाळ्या चालल्या होत्या का?" आता वहिनी फोन आला की गॅलरीत जाते, दार लोटून घेते आणि दबक्या आवाजात दोन मिनिटांत आटपते. त्यावर आईचं, "बघ, आता तर लपून बोलते!"

आणि परवा ती भाच्याला तिच्या भाषेत काहीतरी समजावत होती, तर त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला. "आई, असं नको बोलू, आजोबा हसतात." चार वर्षांचं पोर. वहिनीने पुढचं वाक्य मराठीत पुरं केलं आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

दादाशी बोलले. तो म्हणतो, "अगं, त्यांच्या मनात काही नसतं, आणि तिला चालतं." चालतं हे कशावरून? तर ती कधी तक्रार करत नाही. धन्य!

थोडं वाचून पाहिलं. मायक्रोॲग्रेशन हा शब्द चेस्टर पिअर्स या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० मध्ये आणला. कृष्णवर्णीयांना रोजच्या वागण्या-बोलण्यात सोसावे लागणारे बारीकसारीक अपमान, असा त्याचा मूळ संदर्भ. पुढे डेराल्ड विंग स्यू आणि सहकाऱ्यांनी २००७ च्या लेखात ऐकणाऱ्याची कोंडी मांडली आहे: बोललं तर 'फारच मनाला लावून घेते', गप्प बसलं तर आतल्या आत कुढणं. वहिनीचं अगदी हेच. पण घरातल्या मोठ्यांशी हे बोलायचं कसं, ते मला त्यात सापडलं नाही.

जागच्या जागी टोकावं की नंतर एकटं गाठून बोलावं? आधी वहिनीला विचारावं का? तिला वाटायचं, सगळं घर माझ्यामागे माझीच चर्चा करतंय. 'वेगळं राहायला सांगा' हा सल्ला कृपया नको.

निवांत: मी तुमच्या वहिनीच्या जागी आहे, म्हणून लिहिते. तिला आधी विचाराच. पण 'तुला वाईट वाटतं का' असं नको, त्याला 'छे गं' एवढंच उत्तर येतं. 'बाबांनी नक्कल केलेली मला आवडत नाही, पुढच्या वेळी मी बोलले तर तुला अडचण होईल का?' असं विचारा. मग तक्रार तुमची राहते, ती त्यात सापडत नाही. आणि नाव उद्यापासून पूर्ण घ्या. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

पाचोळा: तो इंग्रजी शब्द घरात आणूच नका, आईला थेट आरोप वाटेल. स्कॉट लिलिएनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये या कल्पनेची व्याख्या सैल आहे, पुरावा अपुरा आहे अशी टीका केली होती, आणि मला ती बरीचशी पटते. पण तुमच्या घरात जे चाललंय ते खरंच आहे, त्याला नाव काहीही द्या. कौतुकाचं आईशी एकटीला गाठून बोला. "तू मावशीशी तासभर बोलतेस, तेव्हा काय बोललीस म्हणून कोणी विचारतं का?" एवढं पुरे. नक्कल मात्र तिथल्या तिथे थांबवा, कारण पोरगं बघतंय. भाषण नको. "बाबा, पुरे. तो शिकतोय हे," म्हणा आणि विषय बदला.

धागाकर्ती: दोघांचे आभार. निवांत, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारणार आहे. नाव कालपासूनच पूर्ण घ्यायला लागले. बाबा म्हणाले, "ही कोण?" भाच्याने सांगितलं, "माझी आई."

पाचोळा, मावशीचा मुद्दा आईला नक्की लागेल, म्हणून जरा मुहूर्त बघतेय. दादाचं काय करायचं, तेही कोणीतरी सांगा. "तिला चालतं"वर तो अजून ठाम आहे.