बोनेटवरचं स्टिकर अर्धंच निघालंय, रविवारच्या आत मदत हवी

वाईकर_अमोघ (गुरुवार, रात्री ९:४०)
गेल्या महिन्यात मामेभावाकडून वॅगनआर घेतली. बोनेटवर हातभर लांब स्टिकर आहे. आज दुपारी कोपऱ्यातून धरून ओढलं, तर वरचा पापुद्रा नखाएवढ्या तुकड्यांनी निघतोय आणि गोंद खाली तसाच राहतोय. त्यावर आता धूळ बसून काळे डाग पडलेत. रविवारी बहिणीचा साखरपुडा आहे, पाहुणे याच गाडीतून आणायचेत. घरात थिनरची बाटली आहे. लावू का? प्लीज लवकर सांगा.

रानवाटा
थिनर अजिबात नको. गाडी कुठल्या सालची? रंग कोणता? आणि तो कंपनीचा आहे की मधे कधी मारून घेतलाय?

चेतकस्वार
रॉकेल लावा, दुसरं काही लागत नाही. माझ्या चेतकच्या डिकीवरचं जुनं स्टिकर रॉकेलच्या बोळ्याने अर्ध्या तासात निघालं होतं. रंगाला काही झालं नाही.

रानवाटा
काका, आता रॉकेल आणायचं कुठून?

चेतकस्वार
मग डिझेल घ्या. काम तेच करतं. नंतर शाम्पूने धुवायचं, नाहीतर तेलकटपणा राहतो.

सुवर्णा_ठाणे
खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा. माझ्या मुलाने फ्रिजवर कार्टूनची स्टिकरं चिकटवली होती, सगळी तेलाने सुटली. काचेच्या बरण्यांची लेबलं तर मी नेहमी अशीच काढते.

वाईकर_अमोघ
पांढरी, २०१४ ची. रात्रभर ठेवायला वेळ नाही हो. थिनरचं फक्त हो की नाही तेवढं सांगा.

लांबचा_प्रवास
नवं ब्लेड घ्या, साबणाचं पाणी मारा आणि आडवं धरून खरवडा. मी दोन स्टिकरं अशीच काढली, ओरखडासुद्धा नाही.

गॅरेज_मिरज
तुम्ही काचेवरची काढली असणार. काच ब्लेडला दाद देत नाही, रंग देतो. कंपनीचा रंग प्रायमरपासून, म्हणजे पत्र्यावरच्या अस्तरापासून, वरपर्यंत धरला तरी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दोन कागद एकावर एक ठेवले तर जेमतेम तेवढा. ब्लेडचा कोपरा एकदा रुतला की संपलं.

लांबचा_प्रवास
काचेवरचीच होती, मान्य. पण हात हलका असेल तर रंगावरही जमतं.

गॅरेज_मिरज
तुमचा हात हलका असेल, विचारणाऱ्याचा आहे का हे आपल्याला माहीत नाही. मी गेली १८ वर्षं डेंटिंग-पेंटिंगच करतो, ब्लेडने कापलेली बोनेटं माझ्याकडेच येतात.
अमोघ, रानवाटांनी विचारलेलं तुम्ही सांगितलंच नाहीत. बोनेट नंतर मारलेलं आहे का? सगळं त्यावर आहे.

टोलनाका_तळेगाव
फास्टॅग काढायचा असेल तर एका कडेने सावकाश उचला, तो फाटला की पुन्हा चालत नाही.

वाईकर_अमोघ (शुक्रवार, सकाळी ७:१५)
फास्टॅग नाही, बोनेट! फोटो टाकतोय. आणि हो, भावाने २०२२ मध्ये गाडी ठोकली होती, तेव्हा बोनेट बाहेर मारून घेतलं. त्याने काय फरक पडतो? डाव्या कोपऱ्यात स्टिकरबरोबर रंगाची छोटी खपली आली आहे, खाली राखाडी दिसतंय.

गॅरेज_मिरज
फरक हाच. कंपनीत रंग भट्टीत भाजतात, म्हणून तो घट्ट बसतो. बाहेर टूके, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा रंग, मारला असेल तरी बरा, पण साधा एनसी, म्हणजे हार्डनर न लागणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग, मारला असेल तर थिनरचा बोळा फिरवल्याबरोबर तो विरघळून फडक्यावर येईल. तुमची खपली सुटली म्हणजे खालचा थर नीट घासलेला नाही, रंगाची पकड कमी आहे. राखाडी दिसतंय तो प्रायमर, पत्रा अजून उघडा नाही.
आता असं करा. गाडी सावलीत, बोनेट थंड. घरातला हेअर ड्रायर वीतभर लांब धरून सतत हलवत राहा. पत्र्यावर तळहात जेमतेम टेकवता येईल इतपतच गरम करा, त्याहून जास्त नको. मग खपलीच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा. स्टिकर वर उचलायचं नाही, त्याच्याच पाठीवर दुमडून पत्र्याला लागून मागे ओढायचं, एका वेळी बोटभर. खपलीच्या आधी दोन इंच थांबा, तेवढा भाग कटरने न कापता तसाच सोडा.
राहिलेल्या गोंदाला निलगिरी तेल. कापूस भिजवून पाच मिनिटं ठेवा आणि अंगठ्याने वळा, गोंदाच्या शेवया होऊन निघतात. खपलीवर तेल जाऊ देऊ नका, नाहीतर टचअप धरणार नाही.

चेतकस्वार
निलगिरीपेक्षा डिझेल स्वस्त पडतं.

गॅरेज_मिरज
काका, हातभर जागेला अर्धी बाटलीही लागत नाही.

सुवर्णा_ठाणे
फोटो आत्ता मोठा करून पाहिला. त्यावर ‘काळूबाईच्या नावानं चांगभलं’ लिहिलंय. अमोघ, ते तुकडे कचऱ्यात टाकू नका, कृष्णेत सोडा.

रानवाटा
ताई, भावना कळते, पण नदीत नको. ते व्हिनाइल आहे, प्लास्टिक, घाटावर वर्षानुवर्षं पडून राहील. कागदात गुंडाळून ठेवा.

सुवर्णा_ठाणे
हे मला माहीत नव्हतं. मग कागदातच बरं.

वाईकर_अमोघ (शनिवार, संध्याकाळी ६:०५)
निघालं! दोन तास लागले. ‘चांगभलं’कडून सुरुवात केली, अक्षरं अख्खी आली. खपली वाढली नाही, ‘का’चा काना तेवढा तिथे ठेवलाय. तुकडे आईने कागदात बांधून देवघराखाली ठेवले. पण आता अक्षरांच्या जागी रंग जास्त पांढरा दिसतोय, बाजूचा पिवळसर. पुसून जात नाही. हे काय?

गॅरेज_मिरज
आजूबाजूचा रंग उन्हाने पिवळा पडलाय, झाकलेला राहिला तो तसाच आहे. पॉलिशने फरक कमी होईल, पण पांढऱ्या रंगावर पुष्कळदा वेगळा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नसतो, फडकं पांढरं होईल. म्हणजे रंगच झिजतोय. मारलेल्या बोनेटवर मशीन लावू नका, हाताने एकदाच. उद्या साखरपुडा उरकून घ्या, मग पावसाच्या आत खपलीला टचअप.

वाईकर_अमोघ
अजून एक. आईला तिथेच नवीन ‘काळूबाई’ लावायचंय.

गॅरेज_मिरज
बोनेटवर नको. मागच्या काचेवर, बाहेरून, खालच्या कडेला लावा, आरशात मागचं दिसलं पाहिजे. काच स्पिरिटने पुसा, साबणाच्या पाण्याचा फवारा मारून स्टिकर त्यावर सरकवा, मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून पाणी बाहेर काढा. आणि एक दिवस गाडी धुवू नका.

लांबचा_प्रवास
आणि ते काढायची वेळ आली की ब्लेड चालेल.

गॅरेज_मिरज
काचेवर, हो.