मदत हवी आहे : उणे ४० तापमानात स्वयंसेवी अग्निशमन दलाला काय शिकवावे?

नमस्कार. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील साहतू भागात, हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता सुरू असतो तेवढे दिवस सोडले तर विमानाशिवाय पोचता येत नाही अशा एका छोट्या गावाच्या कार्यालयात मी नोकरी करते. मी मूळची नाशिकची आणि माझे काम हिशेबाचे. पण माणसे कमी असल्यामुळे येथील स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणाची व्यवस्थाही माझ्याकडे आली आहे.

प्रशिक्षक जूनमध्ये चार दिवस येऊन गेले आणि उत्तम शिकवून गेले, परंतु आमच्या घरांच्या आगी बहुधा चुली आणि धुराडी धगधगत असतात त्या थंडीत लागतात. जानेवारीतील सरावात पारा उणे ३८ वर होता. नोझल बदलण्यासाठी एकाने पाणी बंद केले, बोलण्यात काही मिनिटे गेली आणि तेवढ्यात होज पाइप लाठीसारखा ताठ झाला. तो गुंडाळता येईना, म्हणून चौघांनी तसाच ओढत गॅरेजमध्ये नेला. नोझल पूर्ण बंद न करता थोडे पाणी वाहते ठेवायचे असते, हे त्या दिवशी सर्वांना कळले. बीए सेटच्या (धुरात शिरताना पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मुखवटा) व्हॉल्व्हवर श्वासाची वाफ गोठते, ती अडचण निराळीच.

जमीन बारमाही गोठलेली असल्यामुळे गावात जमिनीखालचे नळ नाहीत आणि हायड्रंटही (बंबाला पाणी देणारे रस्त्याकडेचे नळ) नाहीत. एरवी घरोघरी पाणी टाकणारा टँकरच आगीच्या वेळी बंबामागे उभा राहतो. यादीत चौदा नावे आहेत, मात्र कोणी खाणीत दोन आठवड्यांच्या पाळीवर, तर कोणी शिकारीला गेलेला असतो, त्यामुळे रात्री प्रत्यक्षात पाच-सहाच जण येतात. दोघे आत शिरले तर दोघांनी त्यांच्यासाठी बाहेर सज्ज राहायचे, हा नियम पाळून पंपावर एक आणि टँकरवर एक माणूस ठेवला की सहा संपले. म्हणून आत शिरण्याचे प्रशिक्षण सोडून केवळ बाहेरून आग रोखण्यावर सगळे तास खर्च करावेत, असे माझे मत झाले आहे. गावातील ज्येष्ठांचा प्रश्न एकच असतो : आत मूल असेल तर? त्यावर मला उत्तर देता आलेले नाही.

दुसरी अडचण परीक्षेची आहे. पंप सर्वांत चांगला चालवणाऱ्या दोघा डेने (येथील मूलनिवासी समाज) गृहस्थांना इंग्रजी पुस्तक वाचणे जड जाते. ते पाहून आणि हाताळून शिकतात. तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेवर कोणी भर दिला असेल, तर ती कशी घेतली?

नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकलेल्या, किंवा लेह-कारगिलच्या थंडीत आगीचे काम केलेल्या सदस्यांचा अनुभव मला विशेष हवा आहे. जड सामान बर्फाचा रस्ता सुरू असतानाच ट्रकने येते, विमानाने आणणे परवडत नाही, आणि मागणी त्याच्या बरीच आधी नोंदवावी लागते. तेव्हा नोव्हेंबरअखेरपर्यंत उत्तर मिळाल्यास यंदाच्या मागणीच्या यादीत बदल करता येईल.