फादरांविरुद्धच्या तक्रारीची मुदत खरोखर संपली आहे काय?

प्रश्न (यवतमाळ जिल्ह्यातून)
1998 साली मी बारा वर्षांचा होतो आणि मिशनच्या बोर्डिंगमध्ये राहून सहावीत शिकत होतो. तेथील फादरांनी जवळपास वर्षभर माझ्यावर लैंगिक अत्याचार केला. रात्री व्हरांड्यातून किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज आला, की मी पत्र्याच्या पेटीला पाठ लावून झोपेचे सोंग घेत असे. पुढच्या जूनमध्ये त्यांची दुसऱ्या बोर्डिंगवर बदली झाली. घरी सांगण्याची सोय नव्हती, कारण माझी फी माफ होती आणि बाबा फादरांना देवमाणूस म्हणत. बाबा गेल्यानंतर, मागच्या वर्षी, मी बिशपांच्या कार्यालयात गेलो. तेथे चहा दिला, ऐकून घेतले आणि आता मुदत संपली आहे, क्षमा करा, असे तोंडी सांगून परत पाठवले. मला पैसे नकोत. त्या बदलीच्या वेळी कोणाला काय ठाऊक होते, याचे लेखी उत्तर हवे आहे. ते मागण्याचा हक्क मला उरला आहे काय?

उत्तर 1 (तालुका न्यायालयातील वकील)
भाऊ, मुदती दोन आहेत आणि आपल्यापुढे त्यांची सरमिसळ केली गेली. चर्चच्या स्वतःच्या कायद्यात ही मुदत पीडित अठरा वर्षांचा झाल्यापासून वीस वर्षांची आहे आणि आपल्या बाबतीत ती उलटली, हे खरे. परंतु एखाद्या प्रकरणात ती बाजूला ठेवण्याचा अधिकार रोमला, म्हणजे पोपच्या कार्यालयाला आहे, म्हणून हे प्रकरण रोमपर्यंत जायला हवे होते, दारातच मिटवायला नको होते. देशाच्या कायद्याचे निराळे आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाल्यामुळे तो 1998 च्या घटनेला लागत नाही. तेथे तेव्हाच्या दंड संहितेचे अनैसर्गिक संभोगाबद्दलचे कलम 377 लागते आणि 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली असली तरी जुने गुन्हे जुन्या कायद्यानेच चालतात. या कलमाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, आणि तीन वर्षांपेक्षा अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची कालमर्यादाच नाही. वाट मात्र लांबची आहे, उशीर का झाला हे आपल्याला वारंवार विचारले जाईल, आणि हे आपल्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. शाळेचा दाखला, त्या वर्षीचे बोर्डिंगमधले सोबती आणि आपण ज्याला सर्वप्रथम सांगितले ती व्यक्ती, एवढी जुळवाजुळव आधी करा.

उत्तर 2 (निवृत्त शिक्षिका)
मी जन्माने कॅथलिक आहे आणि रोज मिस्सेला जाते, म्हणूनच लिहिते. पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली काढलेल्या आणि 2023 मध्ये कायम केलेल्या नियमांनुसार तक्रारदारावर गप्प राहण्याची अट घालता येत नाही, आणि बिशपांनीच प्रकरण दडपले असेल तर त्यांच्याविरुद्धची तक्रार आर्चबिशपांकडे किंवा थेट रोमला करता येते. आपण बदलीवर बोट ठेवले, ते नेमक्या जागी ठेवले आहे. अमेरिकेतील बोस्टनमध्ये 2002 साली आरोप असलेल्या फादरांच्या अशाच बदल्यांची कागदपत्रे उघडी पडली आणि त्याच डिसेंबरात तेथील कार्डिनलांना पद सोडावे लागले. राहिली क्षमा, ती द्यायची की नाही हे दादा, आपण ठरवायचे आहे, कार्यालयाने ती मागून घ्यायची नसते.

उत्तर 3 (गडचिरोली जिल्ह्यातून)
आमच्याकडे मिशनच्या दवाखान्यावर अख्खी वस्ती अवलंबून आहे. अशी तक्रार झाली की गावातले काही लोक तिचा उपयोग सगळ्याच ख्रिस्ती घरांविरुद्ध करतील, ही भीती मला वाटते. तरीही त्या भीतीचे ओझे बारा वर्षांच्या मुलाने वाहावे, असे मी म्हणू शकत नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. आईला काल सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने माझा सहावीचा दाखला पेटीतून काढून दिला. बदलीबद्दलचे तीन प्रश्न लिहिले आहेत. सोमवारी बाजारासाठी तालुक्याला जाईन, तेव्हा ते बिशपांना आणि आर्चबिशपांना रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवीन.