बंड्या ठणठणीत आहे, तरी हृदयाची गोळी?

कोथरूडकर: आमचा बंड्या, पॉमेरेनियन, वय ११, वजन ७ किलो. दात साफ करायला नेला तर डॉक्टरांना मर्मर (हृदयाच्या ठोक्यांतला जादा सरसर आवाज) ऐकू आला, सहापैकी ग्रेड ४. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. मायट्रल झडप जाड झालीय, एलए-एओ (हृदयाचा डावा वरचा कप्पा महाधमनीच्या किती पट) १.७, एलव्हीआयडीडीएन (डाव्या खालच्या कप्प्याचं वजनाच्या हिशोबाने माप) १.८. पिमोबेंडन, ही हृदयाची गोळी, सुरू करा म्हणाले, तेही जन्मभर. पण हा पठ्ठ्या अजून कुरियरवाल्याला गेटपर्यंत पिटाळतो! खोकला नाही, धाप नाही. आई म्हणते, धडधाकट जिवाला औषध कशाला? खर्चही दर महिन्याचा. त्रास सुरू झाल्यावर दिलं तर?

श्वानवैद्य: आईंचा प्रश्न रास्त आहे. २०१६ पर्यंत आमच्यातही यावर वाद होते. मग ‘एपिक’ अभ्यास आला. ११ देशांतली ३६० कुत्री, सगळी बंड्यासारखीच: मर्मर आहे, हृदय वाढलंय, त्रास शून्य. काहींना पिमोबेंडन, काहींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी. हार्ट फेल्युअर होईपर्यंत किंवा हृदयविकाराने जाईपर्यंतचा मध्यक काळ प्लासिबोवर ७६६ दिवस, औषधावर १२२८. म्हणजे साधारण १५ महिने जास्त, आणि तेही बिनत्रासाचे. फरक इतका उघड होता की मधला हिशोब पाहून अभ्यास आधीच थांबवला.

मात्र नुसता मर्मर ऐकून गोळी सुरू करणं मला पटत नाही. अभ्यासात घ्यायला एलए-एओ किमान १.६ आणि एलव्हीआयडीडीएन किमान १.७ लागत होता, शिवाय एक्स-रेवर हृदय मोठं दिसायला हवं होतं. बंड्या इकोच्या दोन्ही आकड्यांत बसतो. झडप काही दुरुस्त होणार नाही, ते डोक्यात नको. पण थांबू नका.

लाडूची आजी: गोळी जेवणाआधी तासभर द्या, भरल्या पोटी नीट लागू पडत नाही. आणि गाढ झोपला की मिनिटाचे श्वास मोजा. छाती वर-खाली झाली की एक. स्वप्नात पाय झाडत असेल तेव्हा मोजू नका, आकडा उगाच वाढतो. सारखा ३० च्या वर जायला लागला तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

कोथरूडकर: काल रात्री २२ भरले. आई स्वतः मोजत बसली होती! सोबत बेनाझेप्रिलही (रक्तदाब कमी करणारं औषध) द्यायचं का? सोसायटीतल्या एकाने सुचवलंय.

श्वानवैद्य: या टप्प्यावर मी देत नाही. २०२० च्या ‘डिले’ अभ्यासात बेनाझेप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारं औषध) जोडीने देऊनही हार्ट फेल्युअर लांबलं नाही. रक्तदाब वाढलेला असेल तर गोष्ट वेगळी. तो मोजलाय का?