सी मध्ये गोटो दिसला म्हणून जर्नलचं पान रिपीट, हे पटतं का?

डोंबिवलीकर:
भाचा सेकंड इयरला आहे, काल त्याचं सी या प्रोग्रॅमिंग भाषेचं जर्नल चाळलं, एका प्रोग्रॅममध्ये गोटो (म्हणजे लेबल लावलेल्या ओळीवर थेट उडी मारायची आज्ञा) होता म्हणून सरांनी अख्खं पान लाल पेनने खोडून 'रिपीट' लिहिलंय आणि का ते सांगितलंच नाही. मी एम्बेडेडवाला, म्हणजे यंत्रांतल्या चिपसाठी कोड लिहिणारा, रोज गोटो लिहितो. ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) सुरू करताना आधी मेमरी घ्यायची, मग क्लॉक (हार्डवेअरचा ठोका) चालू करायचा, मग इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला हाक मारायची सोय) मागायचा, आणि इंटरप्ट नाही मिळाला तर आधी क्लॉक बंद, मग मेमरी मोकळी, बरोबर उलट्या क्रमाने. फंक्शनच्या तळाला त्याच क्रमाने लेबलं लावली की जिथे फसलं तिथून थेट त्या पायरीवर जायचं आणि खाली उतरत यायचं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कोडिंग स्टाइलमध्येही हीच पद्धत आहे. नाहीतर प्रत्येक इफमध्ये तीच साफसफाई परत परत लिहायची का?

पार्लेकर:
कारण सांगायला हवं होतं, मान्य. पण नियम बरोबर आहे. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांच्या गोटोविरुद्धच्या १९६८ च्या पत्रातला मुद्दा साधा आहे, कोडच्या एका ओळीवर बोट ठेवलं की प्रोग्रॅम इथवर कसा आला हे सांगता आलं पाहिजे, उड्या वाढल्या की ते सांगता येत नाही. आधीच्या नोकरीत माझ्या गळ्यात असंच एक फंक्शन पडलं होतं, गोटो वर जाणारे, एक तर लूपच्या पोटात शिरणारा, एक व्हेरिएबल कधी सेट होतं ते शोधण्यात दोन रात्री गेल्या, दोन्ही रात्री शेवटच्या लोकलने घरी. आणि २०१४ चा ॲपलचा घोळ? एसएसएलच्या, म्हणजे इंटरनेटवरचं सुरक्षित कनेक्शन जोडणाऱ्या, कोडमध्ये 'गोटो फेल' ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली, दुसरी कायमच चालायची, सही तपासायची राहून जायची आणि तरी उत्तर 'ठीक' यायचं.

डोंबिवलीकर:
तो दोष गोटोचा नाही हो, इफला महिरपी कंसच नव्हते, म्हणून दुसरी ओळ इफच्या बाहेर पडली. तिथे 'रिटर्न एरर' दोनदा पडलं असतं तरी तेच झालं असतं. वर जाणारी उडी मीही रिव्ह्यूमध्ये पास करत नाही.

ठाण्याहून:
तुम्ही दोघं वेगवेगळ्या भाषांबद्दल बोलताय. जावात गोटो शब्द राखीव आहे पण वापरता येत नाही, लूपच्या आतल्या लूपमधून बाहेर पडायला लेबलवाला ब्रेक आहे. साफसफाई आपोआप व्हायला सी प्लस प्लसला डिस्ट्रक्टर, पायथनला विथ. सी मध्ये भाषेनेच दिलेलं असं काही नाही. आणि ब्रेक, कंटिन्यू, मधूनच रिटर्न याही उड्याच ना, त्यावर कुणी लाल पेन चालवत नाही.

पार्लेकर:
ब्रेक कुठे जाणार ते न शोधता कळतं, गोटोचं लेबल शोधत बसावं लागतं. आणि कर्नलचंच म्हणाल तर २०२३ पासून तिथेही स्कोप (व्हेरिएबल वापरता येतो तेवढा कोडचा भाग) संपला की आपोआप साफ करणारे मॅक्रो आलेत.

डोंबिवलीकर:
ते जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांच्या क्लीनअप ॲट्रिब्यूट नावाच्या खास सोयीवर चालतात, आमच्या चिपचा जुना कंपायलर ते ओळखतच नाही. म्हणून माझे गोटो राहणार. पण आत्ता जर्नल परत उघडून बघितलं, भाच्याचा गोटो वर जाणारा निघाला, इनपुट चुकला की परत विचारायला. तिथे डू व्हाइल लूपच हवा, पार्लेकर, तुमचं बरोबर. आज रात्री त्याला शेजारी बसवून दोन्ही प्रकार कागदावर बाण काढून दाखवतो, मग पान रिपीट करू दे.