रॅम घेण्याआधी डिस्क बघा
जुना लॅपटॉप रखडतोय म्हणून रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) ८ ची १६ जीबी करा, असं कुणीही सुचवतं. जरा थांबा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, कशावर किती ताण आहे ते त्यात दिसतं. मेमरी, म्हणजे रॅम, निम्मीच भरलेली आणि डिस्क मात्र सतत १०० टक्क्यांवर, असं दिसलं तर बहुधा फिरती हार्ड डिस्कच नडतेय. बारीकसारीक फायलींसाठी तिचं हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) सारखं इकडून तिकडे धावतं. रॅमचे पैसे फुकट जातील. त्या हार्ड डिस्कच्याच जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते; एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क आणि साटा ही ती जोडायची पद्धत. एम.२ स्लॉट (कार्डासारखी एसएसडी बसवायची खाच) असेल तर तो साटा चालवतो की एनव्हीएमई ही दुसरी, जास्त वेगवान पद्धत, हे मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या, कार्डं दिसायला जवळपास सारखीच. जुनी डिस्क नव्या डिस्कवर क्लोन करण्याआधी, म्हणजे जशीच्या तशी उतरवण्याआधी, बॅकअप घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) बंद करा. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत बरेचदा रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे वाढवायचा प्रश्नच येत नाही.